बेसबॉलमध्यें ठाणें गाठण्याचें गणित

कोणत्याहि गोष्टीचें मोजमाप करावयाचें झाल्यास प्रथम एक प्रश्न विचारावा लागतो : आपण नेमकें काय मोजीत आहों? शेताचें पीक, दुकानाचा नफा, विद्यार्थ्याची प्रगति, ह्या सर्वांना हा प्रश्न लागू आहे. खेळालाहि तो लागू आहे. अमेरिकेंतील बेसबॉल ह्या खेळांत तर ह्या एका प्रश्नाचें योग्य उत्तर सर्वमान्य होण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तो इतिहास मनोरंजक असून बोधप्रदहि आहे. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें तो थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्याकडे क्रिकेट घरोघर ठाऊक आहे. बेसबॉल तितका परिचित नाहीं. म्हणून आधीं त्याची ओळख करून देतों. दोन्ही पक्षांत नऊ नऊ खेळाडू असतात. मैदानाच्या एका टोंकास एक चौरस आंखलेला असतो व त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा असतात. ह्या खुणांना बेस म्हणतात. ह्या लेखांत आम्ही त्यांस ठाणीं म्हणूं. एका ठाण्यापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर ९० फूट असतें. चौथें ठाणें हें फलंदाजाचें घर. तेथें तो उभा राहतो आणि ६० फूट ६ इंचांवरून पिचर त्याच्याकडे टप्पा न पाडतां चेंडू फेकतो. चेंडू टोलवून फलंदाजानें पहिल्या ठाण्याकडे धांवावयाचें व पुढें दुसरें, तिसरें ठाणें घेत घेत घरीं परतावयाचें. तो घरीं पोहोंचला म्हणजे पक्षाच्या खात्यावर एक धांव जमा होते. टोला मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला तर चारी ठाणीं एकाच दमांत फिरून येतां येतें. त्यास होम रन म्हणतात.

तीन गडी बाद झाले कीं पक्षाचा एक डाव संपतो, आणि सामन्यांत प्रत्येक पक्षाला असे नऊ डाव मिळतात. म्हणजे पुऱ्या सामन्यांत एका पक्षाला २७ वेळां बाद होण्याची मुभा असते. क्रिकेटांत बाद झालेला फलंदाज त्या डावांत परत येत नाहीं. बेसबॉलमध्यें तोच फलंदाज पाळी आली म्हणजे पुन्हा उभा राहतो. तेव्हां फलंदाजांच्या संख्येला तोटा नाहीं, आणि सामना किती वेळ चालावा हें घड्याळहि ठरवीत नाहीं. मर्यादा आहे ती ह्या २७ बादांची. प्रवासाला निघालेल्या माणसानें बरोबर घेतलेल्या शिदोरीसारखी ही गोष्ट आहे. शिदोरी संपली कीं प्रवास संपला. ज्या पक्षानें ती जपून खर्चिली त्याचा प्रवास लांबला व त्याच्या धांवा वाढल्या. हें एवढें तत्त्व वाचकांनीं ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढचें सर्व गणित सोपें होईल.

आतां पहिलें ठाणें बाद न होतां कोणकोणत्या मार्गांनीं गाठतां येतें तें पाहूं. मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग यशस्वी टोल्याचा. दुसरा मार्ग संयमाचा. पिचरनें फेकलेला चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या ठराविक चौकटींतून न जातां बाहेरून गेला, आणि फलंदाजानें मोह आवरून बॅट फिरविली नाहीं, तर तो 'बॉल' म्हणून मोजला जातो. असे चार बॉल झाले कीं फलंदाजाला पहिलें ठाणें आपोआप मिळतें. धांवण्याची गरज नसते, तो चालत जातो. म्हणून त्यास 'वॉक' म्हणतात. तिसरा मार्ग दुखापतीचा. पिचरचा चेंडू फलंदाजाच्या अंगावर आदळला तर भरपाई म्हणून पहिलें ठाणें त्याला दिलें जातें. मार्ग कोणताहि असो, फल एकच : एक गडी ठाण्यावर पोहोंचला आणि शिदोरींतून कांहींहि खर्च झालें नाहीं.

असें असतां पुष्कळ वर्षें हिशेब ठेवणाऱ्यांनीं पहिला मार्ग तेवढा मोजला. ह्या खेळाचे तक्ते व आंकडे रूढ करण्यांत हेन्री चॅडविक ह्या पत्रकाराचा मोठा वांटा होता. त्यांचा जन्म १८२४ सालीं इंग्लंडांतील एक्सेटर येथें झाला. लहानपणींच ते अमेरिकेस गेले व पुढें न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांतून प्रथम क्रिकेटच्या व मग बेसबॉलच्या सामन्यांचीं वर्णनें लिहूं लागले. क्रिकेटांत वाइड चेंडूची धांव फलंदाजाच्या नांवावर पडत नाहीं. ती अवांतर धांवांत जाते, हें आपणांस ठाऊक आहेच. चॅडविक ह्यांची दृष्टि तशीच होती. वॉक मिळाला तर तो पिचरचा दोष, फलंदाजाचा त्यांत पराक्रम तो कोणता, असें त्यांस वाटे. म्हणून फलंदाजाची सरासरी काढतांना यशस्वी टोल्यांना टोल्याच्या संधींनीं भागावें, आणि वॉक हा टोल्यांतहि धरूं नये व संधींतहि धरूं नये, अशी रीत पडली. भागाकार तीन दशांश स्थळांपर्यंत काढतात. आम्ही तो सोयीसाठीं हजारीं सांगूं. हजारीं ३०० म्हणजे दर हजार संधींत ३०० यशस्वी टोले. ही सरासरी ज्याची त्यास आजहि उत्तम फलंदाज समजतात.

ह्या रीतीचा जन्म झाला त्या काळीं तींत फारसें बिघडत नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. १८७९ सालीं वॉक मिळण्यास नऊ बॉल लागत, त्यामुळें वॉक विरळा. पुढें नियम बदलत जाऊन १८८९ पासून ही संख्या चारवर आली व वॉक नित्याचे झाले. तत्पूर्वीं १८८७ सालीं एकदां वॉकला यशस्वी टोल्याप्रमाणेंच मोजण्याचा प्रयोग झाला. परंतु त्यानें सर्वांच्याच सरासऱ्या एकाएकीं फुगल्या, आणि पुढच्याच वर्षीं तो प्रयोग सोडून देण्यांत आला. नियम बदलला, खेळ बदलला, पण मोजण्याची काठी मात्र जुनीच राहिली. अशी गोष्ट जगांत इतर ठिकाणींहि घडते.

जुन्या काठीनें काय चूक होते तें एका काल्पनिक उदाहरणानें दाखवितों. 'अ' व 'ब' असे दोन फलंदाज घ्या. वर्षांत दोघांनाहि ६०० पाळ्या मिळाल्या. 'अ' ला चेंडू दिसला कीं राहवत नाहीं. त्याला वॉक अवघे ३० मिळाले. उरलेल्या ५७० संधींत त्यानें १७१ यशस्वी टोले मारिले. सरासरी हजारीं ३००. 'ब' डोळे उघडे ठेवून उभा राहतो. त्याला १०० वॉक मिळाले, व ५०० संधींत त्याचे टोले १३५. सरासरी हजारीं २७०. वृत्तपत्रांत 'अ' ची वाहवा होईल. परंतु ठाणें कोणी किती वेळां गाठलें? 'अ' नें १७१ अधिक ३०, म्हणजे २०१ वेळां. 'ब' नें १३५ अधिक १००, म्हणजे २३५ वेळां. 'अ' नें पक्षाचे ३९९ बाद खर्च केले, 'ब' नें ३६५. ह्या ३४ बादांची बचत एका पुऱ्या सामन्याच्या २७ बादांपेक्षांहि अधिक आहे! दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

ह्याच विचारांतून नवें माप निघालें. त्याला 'ठाणें गाठण्याचें प्रमाण' म्हणूं. त्याची रीत अशी : यशस्वी टोले, वॉक व अंगावर बसलेले चेंडू ह्या तिहींची बेरीज करावी, मग टोल्याच्या संधी, वॉक, अंगावर बसलेले चेंडू आणि उंच टोल्यावर झेल देऊन आपल्या गड्यास घरीं आणल्याचे प्रसंग ह्या चोहोंची बेरीज करावी, आणि पहिल्या बेरजेस दुसरीनें भागावें. सारांश, इतक्या पाळ्यांत किती वेळां ठाणें गाठलें, एवढाच प्रश्न हें माप विचारतें.

एका खेळाडूस जें लागू तें संपूर्ण संघास अधिकच लागू. संघाचें प्रमाण हजारीं ३०० असेल तर दर हजार पाळ्यांत स्थूलमानानें ७०० बाद होतात. त्या हिशेबानें २७ बाद होईपर्यंत सुमारें साडेअडतीस पाळ्या मिळतील. प्रमाण ३६० असेल तर त्याच २७ बादांत बेचाळिसांहून अधिक पाळ्या मिळतील. म्हणजे दर सामन्यास साडेतीन पाळ्यांचा लाभ, आणि त्याहि बहुधा ठाण्यांवर आपले गडी उभे असतांना. शिवाय जो संघ धीरानें चेंडू पाहतो तो प्रतिपक्षाच्या पिचरला अधिक चेंडू फेकावयास लावून थकवितो. थेंबे थेंबे तळें साचतें तें असें.

आतां खरें उदाहरण घेऊं. २००४ सालीं अमेरिकन लीगमध्यें बोस्टनचा रेड सॉक्स व अनाहीमचा एंजल्स हे दोन संघ फलंदाजीच्या सरासरींत अगदीं बरोबरीचे होते. बोस्टनच्या ५,७२० संधींत १,६१३ यशस्वी टोले. अनाहीमच्या ५,६७५ संधींत १,६०३. दोघांचीहि सरासरी हजारीं २८२. जुन्या काठीनें मोजणारा म्हणेल, हे जुळे भाऊ आहेत. परंतु बोस्टनला वॉक मिळाले ६५९ आणि अनाहीमला ४५०. अंगावर बसलेले चेंडू अनुक्रमें ६९ व ७३. सर्व बेरीज करतां बोस्टननें ६,५०३ पाळ्यांत २,३४१ वेळां ठाणें गाठलें. प्रमाण हजारीं ३६०. अनाहीमनें ६,२३९ पाळ्यांत २,१२६ वेळां. प्रमाण हजारीं ३४१. आणि धांवा? बोस्टनच्या ९४९, अनाहीमच्या ८३६. सरासरी एक, पण धांवांत ११३ चा फरक! बोस्टनला वर्षभरांत २६४ पाळ्या अधिक मिळाल्या, म्हणजे १६२ सामन्यांत दर सामन्यास दीडहून अधिक. बोस्टनचे टोले अधिक लांब जात, हेंहि ह्या फरकाचें एक मोठें कारण होतें व तें लपविणें योग्य होणार नाहीं. तथापि संयमाचा वांटा उघड आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हे दोन संघ बाद फेरींत समोरासमोर आले, तेव्हां बोस्टननें तिन्ही सामने जिंकले. आणि पुढें १९१८ नंतर प्रथमच त्या शहरास अजिंक्यपद मिळालें.

हें माप कोणा एका दिवशीं सर्वांस पटलें असें नव्हे. १९४७ सालीं ब्रुकलिन डॉजर्स संघाचे चालक ब्रँच रिकी ह्यांनीं अॅलन रॉथ नांवाच्या माँट्रियल येथील संख्याशास्त्रज्ञास कायमची नोकरी दिली. जॅकी रॉबिन्सन ह्या कृष्णवर्णीय खेळाडूस संघांत घेऊन रिकी ह्यांनीं वर्णभेदाची भिंत पाडली, तेंहि ह्याच वर्षीं. रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद ठेवीत. १९५४ सालीं 'लाइफ' नियतकालिकांत रिकी ह्यांनीं लेख लिहून ठाणें गाठण्याच्या प्रमाणाचें महत्त्व जाहीरपणें प्रतिपादिलें. परंतु बहुतेक संघचालकांनीं तिकडे कानाडोळा केला. १९७७ पासून कॅन्सस राज्यांतील बिल जेम्स हे स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून हाच विचार नव्या पुराव्यांनिशीं मांडूं लागले. पुस्तिका लिहूं लागले त्या काळांत ते एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत रात्रीचा पहारा करीत असत! शेवटीं १९८४ सालीं लीगनें हें प्रमाण अधिकृत आंकड्यांत समाविष्ट केलें.

तरीहि आंकडा छापला जाणें निराळें व त्याप्रमाणें माणसाची किंमत करणें निराळें. खेळाडूंचे पगार जुन्याच समजुतीनें ठरत राहिले. आणि येथेंच एका गरीब संघाला वाट सांपडली. कॅलिफोर्नियांतील ओकलंड अॅथलेटिक्स संघाजवळ २००२ सालीं पगारासाठीं सुमारें चार कोटि डॉलर होते. न्यू यॉर्क यांकीज संघाजवळ सुमारें साडेबारा कोटि. आदल्या वर्षाअखेर ओकलंडचा सर्वांत मोठा फलंदाज जेसन जिआंबी ह्यास यांकीज संघानें मोठ्या रकमेवर उचलून नेलें, व आणखीहि दोन नामांकित गडी गेले. तसे गडी विकत आणण्याची ओकलंडची ऐपत नव्हती. तेव्हां संघाचे व्यवस्थापक बिली बीन व त्यांच्या सहाय्यकांनीं असा विचार केला कीं, जग ज्या गुणाची किंमत करीत नाहीं, पण ज्यानें सामने जिंकले जातात, तो गुण आपण विकत घ्यावा. तो गुण म्हणजे ठाणें गाठणें.

अशा रीतीनें निवडलेल्यांपैकीं एक स्कॉट हॅटबर्ग. क्रिकेटांतील यष्टिरक्षकाप्रमाणें घरामागें बसून चेंडू झेलणें हें त्याचें काम होतें. परंतु कोपरांतील मज्जातंतूस इजा होऊन त्याची फेक गेली. ज्याला चेंडू फेकतां येत नाहीं असा झेलणारा कोणास हवा? ओकलंडला हवा होता. कारण तो बॅट हातीं घेऊन धीरानें उभा राहत असे. त्यांनीं त्याला पहिल्या ठाण्यावर क्षेत्ररक्षण शिकविलें, आणि त्या वर्षीं त्यानें हजारीं ३७४ पाळ्यांत ठाणें गाठलें. ओकलंडनें १०३ सामने जिंकले. तिपटीनें खर्च करणाऱ्या यांकीज संघानेंहि तितकेच जिंकले होते! मध्यंतरीं ओकलंडनें लागोपाठ २० सामने जिंकून अमेरिकन लीगमध्यें त्या वेळीं नवा उच्चांक केला. ४ सप्टेंबर २००२ रोजीं झालेल्या त्यांतील विसाव्या सामन्यांत ओकलंडची ११ विरुद्ध ० अशी आघाडी पार पुसली जाऊन बरोबरी झाली होती. शेवटच्या डावांत हॅटबर्ग ह्यास उभें केलें, व त्यानें होम रन मारून सामना जिंकून दिला. मायकेल लुइस ह्यांनीं २००३ सालीं 'मनीबॉल' ह्या पुस्तकांत ही हकीकत लिहिली, व २०११ सालीं तिचा चित्रपटहि निघाला.

आतां ह्या मापाच्या मर्यादा सांगणें हेंहि आमचें कर्तव्य आहे. कारण एका आंकड्याची जागा दुसऱ्या आंकड्यानें घेऊन आंधळेपणा कायम राहिला तर लाभ तो काय?

पहिली मर्यादा अशी कीं, ह्या प्रमाणांत वॉक व होम रन ह्यांस सारखाच मान मिळतो. वस्तुतः होम रननें एक ते चार धांवा लागलीच होतात. म्हणून दोन संघांची तुलना करतांना ठाणें गाठण्याच्या प्रमाणाच्या जोडीला टोल्यांच्या लांबीचेंहि माप पाहतात. दुसरी मर्यादा काळाची. १९६८ सालीं सर्व प्रमुख संघांचें मिळून हें प्रमाण हजारीं २९९ होतें, तर २००० सालीं ३४५. १९६८ सालचें प्रमाण इतकें कमी होतें कीं, १९६९ सालीं पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणून फलंदाजांस हात द्यावा लागला. म्हणून निरनिराळ्या काळांतील दोन संघ तोलतांना प्रत्येकास त्याच्या समकालीनांच्या पारड्यांत ठेवावें. तिसरी मर्यादा मैदानाची. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें एक मैल उंच आहे. तेथील विरळ हवेंत टोला दूर जातो, त्यामुळें तेथील संघाचे आंकडे फुगतात.

चवथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. फलंदाजी म्हणजे अर्धाच खेळ. १९३० सालीं फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाची फलंदाजीची सरासरी हजारीं ३१५ होती, ठाणें गाठण्याचें प्रमाण ३६७ होतें, व त्यांनीं ९४४ धांवा काढल्या. पण प्रतिपक्षांना त्यांनीं १,१९९ धांवा दिल्या, आणि १०२ सामने गमावले! घागर भरतांना तळचें भोंक पाहिलें नाहीं तर पाणी ओतून काय उपयोग? ओकलंडच्या यशांतहि त्यांच्या तिघां उत्तम पिचरांचा वांटा मोठा होता. तसेंच दीर्घ मोसमांत जें प्रमाण खरें ठरतें तें पांच सामन्यांच्या छोट्या स्पर्धेंत ठरेलच असें नाहीं. त्याच २००२ सालीं बाद फेरींत ओकलंडचा संघ मिनेसोटापुढें दोन विरुद्ध तीन असा हरला.

शेवटीं ह्या गुपिताचें काय झालें? २००६ सालीं दोन अर्थशास्त्रज्ञांनीं खेळाडूंच्या पगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, 'मनीबॉल' पुस्तक निघण्यापूर्वीं ठाणें गाठण्याच्या गुणाला बाजारांत योग्य मोल मिळत नव्हतें. २००४ पर्यंत तें मिळूं लागलें. म्हणजे ओकलंडचा लाभ फार दिवस टिकला नाहीं. परंतु पुढें येणाऱ्या प्रत्येक संयमी खेळाडूला न्याय मिळाला. ज्ञान सर्वांचें झालें म्हणजे एकट्याचा फायदा जातो व सर्वांचा होतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शाळेच्या सामन्यांचे आंकडे तुम्हीहि ठेवून पाहा. क्रिकेट, खोखो, हुतूतू, कोणताहि खेळ घ्या. आणि ज्याच्या नांवानें टाळ्या पडत नाहींत, पण जो मैदानांत असला कीं संघ तग धरतो, असा गडी कोणत्या आंकड्यानें ओळखतां येईल ह्याचा विचार करा. वडील मंडळींसही आमची एक विनंति आहे. वर्षाअखेर प्रगतिपुस्तक हातीं येतें तेव्हां वर्गांतील क्रमांकाचा ठळक आंकडा प्रथम डोळ्यांत भरतो. त्याच पानावर हजेरी, वर्तन आणि वर्षभराची सावकाश वाढहि लिहिलेली असते. तिकडेहि दृष्टि जावी, म्हणजे घरांत वर्षभर शांतपणें ठाणें गाठणारा एखादा गडी न मोजलेला राहणार नाहीं.